तिरपा रोलर कोणाचा

रोनकशेठ आमच्या ऑफिसात हसत हसत आला. त्याचं ते हसू पहिल्या मिनिटापासून माझ्या डोक्यात गेलं, आणि हे सांगताना मी ते लपवणार नाही.

आमचं ऑफिस म्हणजे जळगावात एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. ज्योत्स्ना मॅडम पेटंटच्या वकील. मी, संघमित्रा बिऱ्हाडे, मेकॅनिकलची इंजिनिअर, पेटंट एजंटची परीक्षा पास होऊन त्यांच्या हाताखाली काम करते. कोणी नवं यंत्र काढलं की त्याचे कागद आम्ही तयार करतो आणि मुंबईच्या पेटंट ऑफिसात दाखल करतो. पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं ती वस्तू मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी बनवायची नाही.

रोनकशेठ हा झमकू फायबरचा धाकटा मालक. घड कापल्यावर केळीचं जे खोड शेतकरी बांधावर फेकून देतात, त्याची सोपटं, म्हणजे एकावर एक गुंडाळलेले थर, सुटी करून त्यांतून धागा काढायची यंत्रं हा कारखाना बनवतो. कारखान्याला नाव त्याच्या पणजीचं, झमकूबाईंचं. यंत्रं इथे एमआयडीसीत बनतात आणि चोपड्याजवळच्या त्यांच्याच शेडमध्ये चालवून पाहिली जातात. माझे आबा, आधार पुना बिऱ्हाडे, एकोणतीस वर्षं त्या कारखान्यात फिटर आहेत; शेडमधल्या चाचण्याही तेच बघतात. रोनकशेठला हे माहीत होतं. घरचं ऑफिस म्हणूनच तो आमच्याकडे आला होता.

"मॅडम, या वेळचा शोध माणसानं लावलेला नाही," तो म्हणाला. "आमच्या मुनीमनं लावलाय."

मुनीम म्हणजे त्याच्या कारखान्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता. पुण्याच्या एका मित्राकडून त्यानं ती बसवून घेतली होती आणि घरच्या जुन्या पेढीवरच्या मुनीमाची आठवण म्हणून तिला हे नाव दिलं होतं. जुन्या यंत्रांची चित्रं, शेडमधले व्हिडिओ, कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं सगळं बोलणं त्यानं सहा महिने तिला भरवलं. मग विचारलं, धागा का तुटतो आणि काय करू? मुनीमनं चित्र काढून दिलं.

"शोधकर्त्याच्या नावात मुनीम लिहा," रोनकशेठ म्हणाला. "पेपरमध्ये किती मोठी बातमी होईल बघा."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राष्ट्रीयत्व काय लिहू त्याचं? राहतो कुठे? सही करतो का?"

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. परदेशात एकानं हेच करून पाहिलं, कोर्टामागून कोर्टात हरला, आपल्याकडेही शोधकर्ता म्हणून माणूसच लागतो, हे त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. यंत्र हाताशी असायला कोणाची हरकत नाही, पण शोध ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाचं नाव द्यावं लागतं.

"मग माझं घाला," रोनकशेठ म्हणाला. जणू हॉटेलात चहा नाही म्हटल्यावर कॉफी मागवावी. "प्रश्न मीच विचारले ना त्याला."

त्यानं चित्र माझ्यापुढे सरकवलं. धागा काढायच्या यंत्रात एक मोठा फिरता ड्रम असतो, त्याला बोथट पाती असतात आणि ती सोपटाचा गर खरवडून काढतात. सोपटात पाणी फार. ते ओलं सोपट आत गेलं की ड्रम तुंबतो आणि धागा मधेच तुटतो. या चित्रात ड्रमच्या अलीकडे एक उभ्या रेघांचा रोलर होता, सरळ नव्हे, तिरपा बसवलेला. सोपटाचं बुंध्याकडचं जाड टोक आधी त्याच्याखाली जातं, पाणी एका बाजूनं निघून जातं, आणि पिळलेलं सोपट ड्रममध्ये शिरतं.

मी तो रोलर ओळखत होते. गेलं वर्षभर आबा जेवताना भाकरीचा तुकडा ताटात तिरका धरून मला तोच रोलर दाखवत होते. आई म्हणायची, आधी खाऊन घ्या, मग रोलर करा. आणि हा समोर बसलेला माणूस म्हणत होता की आधी तो मुनीमचा होता, आता त्याचा आहे. माझं डोकं असं सणकलं की मला टाइप करता येईना.

घरी गेले आणि चपला काढायच्या आधी आबांना सांगितलं. ते रेडिओची तार नीट करत होते.

"जाऊ दे ना संघू," ते म्हणाले. "शेठना कागद शे, शेठ देखी लेतीन."

"शेठचा कागद आहे, पण रोलर तुमचा आहे ना?"

ते पुन्हा तारेकडे वळले. आबांचं हे नेहमीचं. सभेत मागच्या रांगेत बसणारा, फोटोत कडेला उभा राहणारा माणूस. लहानपणापासून मला त्याचा राग येत आलाय. त्या दिवशी मी ठरवलं की निदान एका कागदावर तरी माझ्या बापाचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत येईल. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील आणि मग एकोणतीस वर्षांचं काय उरेल? भिंतीवर घड्याळ आणि एक शाल.

मी त्यांचा फोन घेतला. आबांना लिहायचा कंटाळा, सगळं बोलून ग्रुपवर पाठवायची सवय. रोनकशेठ याला डेटा म्हणाला होता. डेटा म्हणे. माझ्या बापाचा आवाज तो. रोलरबद्दलचे एकेचाळीस निरोप मी शोधून काढले आणि दोन रविवार बसून कागदावर उतरवले. आबांची अहिराणी ऑफिसच्या मराठीत आणली. रामराम, चहा झाला का, कोण आलं, कोण काय म्हणालं, असला पसारा काढून टाकला आणि कामाचं तेवढं ठेवलं, तारखेसकट. तेविसावा निरोप चौदा ऑगस्टचा होता. त्यात रोलरचं तिरपेपण, बुंध्याकडचं टोक आणि उभ्या रेघा, तिन्ही एका जागी होतं. मुनीमच्या चित्राच्या चार महिने आधी.

मॅडमनी तो तक्ता वाचला. "चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण या फाइलवर तू नाहीस. बाप तुझा आहे."

"म्हणजे रोनकशेठचं नाव जाणार?"

"खोट्या नावाचा कागद माझ्या ऑफिसातून जाणार नाही. आपण कारखान्यात बैठक घेऊ. तिथे बोलायचं तर मुलगी म्हणून बोल, एजंट म्हणून नाही."

मला तेच हवं होतं.

बैठकीला अमृतलाल शेठजी होते. ते रोनकशेठचे आजोबा, आता रोज येत नाहीत, पण खुर्ची त्यांचीच. त्यांनी आबांना आपल्या बाजूला बसवलं. आबा खुर्चीच्या कडेवर टेकले.

रोनकशेठनं सुरुवात केली. "मिस बिऱ्हाडे, इथे भावनेचा प्रश्न नाही. आधारभाऊंनी सुटं सुटं काही सांगितलं असेल, सगळेच सांगतात. जोडलं मुनीमनं. ते जोडणं हाच शोध."

"मुनीमनं केळीचं खोड कधी हातात घेतलंय?" मी म्हणाले. "त्याचा चीक सदऱ्याला लागला तर डाग जन्मात निघत नाही, हे त्याला कोणी सांगितलं? माझ्या आईला विचारा. एकोणतीस वर्षं ती ते डाग धुतेय. तुमचं यंत्र आमच्याच घरातलं बोलणं ऐकून तुम्हाला परत सांगतं, आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवता. वर कायद्यानं अडवलं तर त्याच्या जागी स्वतः बसता. लाज नाही वाटत?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. तेविसावा निरोप मोठ्यानं वाचला. तारीख दोनदा वाचली. मग तक्ता शेठजींच्या हातात दिला.

शेठजींनी तो सावकाश, बोट ठेवून वाचला. रोनकशेठ मधे काही बोलायला गेला तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"रोनक, नाव आधारभाऊंचं जाईल," ते म्हणाले. "मालकी कंपनीची, ती कुठे जात नाही. नावात तुझं काय अडलंय?"

रोनकशेठचं हसू गेलं. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायचाही प्रयत्न केला नाही.

मॅडमनी अर्ज आबांसमोर ठेवला आणि सहीच्या वरचा मजकूर मराठीत सांगितला. या शोधाचा खरा आणि पहिला शोधकर्ता मी आहे, आणि अर्ज करणाऱ्या कंपनीला मी माझा हक्क दिला आहे. आबांनी रुमालाला हात पुसले. पेन घेतलं. मग ते कागदावर टेकवलंच नाही.

"हाई मन्हं नई शे," ते म्हणाले.

मला वाटलं, शेठजींसमोर संकोचले. "आबा, करा सही. सगळं ठरलंय."

"मी खोटं कसाले लिखू? हाई कलाबाईनं शे. तिनी माले दखाडं, मी लोखंडमा करं." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, "तू ते बठ्ठं ऐकं ना? तठे मी सांगेल शे."

मी ऐकलं होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस. आबांनी स्वतःचा फोन काढला, तेविसावा निरोप शोधायला त्यांना वेळ लागला. मग त्यांचा आवाज त्या एसीच्या खोलीत आला, मागे शेडची घरघर.

"जय भीम, रामराम, जय जिनेंद्र बठ्ठासले. च्या पी लिधा का? आज कलाबाईनी माले एक गंमत दखाडी. ती सोपट दगडवर तिरपं ठेवस. बुंधाकडथून इळानी पाठ लाईसन दाबत जास. पानी बठ्ठं एक बाजूनी निंघी जास, धागा तुटस नई. आते तिनं देखीसन बठ्ठ्या बाया तसंच करतंस. मी म्हनं, हाईच आपन रोलरमा करूत, इळानी पाठनी जागावर उभ्या रेघा."

माझ्या तक्त्यात या निरोपापुढे लिहिलं होतं: रोलर तिरपा बसवावा, बुंध्याकडील टोक प्रथम, दाब उभ्या रेघांनी. कलाबाई नव्हती. दगड नव्हता, विळा नव्हता. रामराम आणि चहाबरोबर मी तिलाही पसाऱ्यात काढून टाकलं होतं. काढताना मला ते दिसलंसुद्धा नव्हतं.

रोनकशेठनं आपल्या फाइलमधून एक कागद काढून माझ्या तक्त्याशेजारी ठेवला. मुनीमनं त्याच निरोपाचं केलेलं टिपण होतं ते. रोलर तिरपा बसवणे. जाड टोक प्रथम. उभ्या रेघा.

"तोही गप्पा गाळतो," तो म्हणाला. "मीच तसं सांगून ठेवलंय त्याला." आणि मग, टोमणा मारल्यासारखं नव्हे, खरंच आश्चर्य वाटल्यासारखं, "दोन्ही कागद सारखेच आहेत हो."

त्यानं मला कानाखाली मारली असती तर मी उलटून मारली असती. यावर काय मारणार?

"तिनं नाव पहिले लिखा," आबा म्हणाले. "मन्हं मांघे."

"कलाबाई कोण?" शेठजींनी विचारलं.

रोनकशेठ खाली बघत म्हणाला, "शेडला सोपटं दाबायला बारा बायका होत्या, त्यांतली एक. नवा रोलर बसवल्यावर ते काम राहिलं नाही. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांना थांबवलं."

मी आबांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत व्हतं." ते हळूच म्हणाले. "तिनं नाव लागनं तं तिले काहीतरी भेटी, आसं वाटनं माले."

मॅडमनी निकाल दिला. दोघांची नावं जातील, कलाबाईंचं आधी, पण त्यांची सही लागेल. ती आणायला मी जाईन म्हणाले. कोणी मला जा म्हटलं नव्हतं.

कलाबाई आता धुळ्यात लेकीकडे होती. पारोळ्यावरून बसनं गेले. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात रोनकशेठला शिव्या घालत होते, म्हणजे मग स्वतःला घालायला वेळ उरला नाही. अर्ज मी नव्यानं टाइप केला होता. पहिली ओळ, शोधकर्ता क्रमांक एक.

धुळ्यातल्या देवपूर भागात, मागच्या वस्तीत लेकीच्या घरासमोर ती मिरचीचे देठ खुडत बसली होती. शेजारी मिरच्यांची गोणी. मला खोकला आला तशी तिनं मान वर केली.

"तू आधारभाऊनी आंडेर," ती म्हणाली. "डोया तेनाच शेत."

मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. शोध, अर्ज, सही. आबा काय म्हणाले तेही. माझ्या तक्त्याचंही सांगितलं, ते सांगणं भाग होतं. ती खुडत खुडत ऐकत होती. मिरचीनं तिची बोटं नखांपाशी सुजली होती.

"काय लिखेल शे कागदवर?" तिनं विचारलं.

मी कागद उघडला. पहिल्या ओळीत कलाबाई एवढंच होतं आणि पुढे रेघ. तिचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. त्या शेडमध्ये मी पाच-सहा वेळा गेले होते. तिच्या हातचा चहा प्यायले होते.

"कलाबाई वना कोळी," ती म्हणाली. मी लिहून घेतलं.

"मंग हाऊ रोलर मन्हा व्हई का?"

"नाही. मालकी कंपनीची. सही केली की हक्क कंपनीला दिला असं यातच लिहिलंय. पण नाव तुमचं राहील, कायमचं. कोणाला पुसता येणार नाही." बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं आणि ऐकवत नव्हतं.

"बाया परत कामवर घेतीन का?"

"नाही."

तिनं कागदाला हात लावला नाही. मिरचीचे हात म्हणून असेल. कोपरानं तो माझ्याकडे सरकवला.

"मन्हासंगे अकरा बाया व्हत्यात," ती म्हणाली. "मन्हं देखीसन शिकन्यात. आते बठ्ठ्या घर बसेल शेत. त्या माले इचारतीन, हाऊ रोलर कोनी काढा? मी काय सांगू? मीनी काढा?"

"पण खरं तेच आहे, कलाबाई." माझा आवाज चढला, माझाच मला राग आला. "तुमचं आहे ते. ते लोक चोरतायत. तुम्ही नाही म्हणालात तर रोनकशेठ स्वतःचं नाव लावेल आणि मिरवेल."

"मिरवू दे. तेले तोंड लपाडानं काम नई." तिनं एक मिरची उचलली, देठ खुडला, टोपलीत टाकली. तिच्या आवाजात माझ्यासारखा त्रागा नव्हता, पण त्यात जे होतं त्याच्यापुढे माझा त्रागा पोरकट होता. "आधारभाऊ रोज इचारे. कलाबाई, कसं करस, परत दखाड. हात हाऊ ठेव, जरा हयू कर. माले वाटे, आपला हातना तरास वाची, म्हनीसन इचारतंस. कसाले पाहिजे हाई कोनी सांगं असतं, तं मी दखाडंच नसतं."

मी कागदाची घडी केली. मी जे आणलं होतं ते तिला कोणीतरी केलेला सन्मान वाटेल असं मी धरून चालले होते, आणि ते धरून चालायला मला कोणी सांगितलं नव्हतं. उठताना तिनं लेकीला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. मी ते उभ्यानं प्यायले.

परतीच्या बसमध्ये मॅडमचा फोन आला.

"झाली सही?"

"नाही. आणि तिच्याशिवाय आबा करणार नाहीत."

"मग रोनकशेठ दुसऱ्या ऑफिसातून स्वतःच्या नावानं दाखल करेल. मी अडवू शकत नाही."

"करू दे. अर्ज प्रसिद्ध झाला की मी विरोध दाखल करीन. आबांचा आवाज लावीन, रामरामपासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता."

"आणि कलाबाई का नाही म्हणाल्या, ते?"

मिरचीचा तिखट वास अजून माझ्या कपड्यांना येत होता. तोंडात मघापासून रोनकशेठसाठी जमवलेल्या शिव्या होत्या, पण त्यांतली एकही आता फक्त त्याच्यासाठी राहिली नव्हती.

"तेही लिहीन," मी म्हणाले. "या रोलरनं तुमचं काम जाईल, हे आमच्यापैकी कोणीही तिला खरं सांगितलं असतं, तर तिनं आम्हाला काही दाखवलं नसतं. आणि तिचं बरोबर होतं."